अमावास्येचा पस्ताना

आमच्या घरातून प्रवासाला जाणारा माणूस दोनदा निघतो. एकदा मुहूर्तावर आणि एकदा गाडीच्या वेळेवर. या दोन्ही वेळा एक आल्या असं माझ्या लग्नानंतर फारसं घडलेलं नाही, कारण माझ्या सासूबाईंचं पंचांग आणि रेल्वेचं वेळापत्रक यांचं मुळातच वाकडं आहे.

त्यावरचा तोडगा म्हणजे पस्ताना. चांगली वेळ गुरुवारी सकाळी असेल आणि तिकीट शनिवारचं असेल, तर गुरुवारी सकाळी प्रवाशाची एखादी वस्तू, लुगडं, चप्पल, छत्री, काहीही, अक्षता टाकून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. ती वस्तू उंबऱ्याबाहेर पडली की माणूस निघाला. मग तो पुढचे दोन दिवस घरात बसून वरणभात खाईना का, शास्त्राप्रमाणे तो वाटेला लागलेला असतो. खरोखर निघताना ती वस्तू उचलायची आणि मागं न बघता स्टेशन गाठायचं. मधल्या काळात ती परत घरात आणायची नाही. माझा नवरा विकास एकदा ट्रेनिंगला लखनौला जाणार होता, तेव्हा त्यानं पस्तान्याला हाताला लागला म्हणून चष्मा ठेवला. गाडीची वेळ होईपर्यंत मी त्याला पेपर वाचून दाखवत होते.

विकास तारनाक्याला रेल्वेच्या ऑफिसात आहे, आणि आम्ही नल्लकुंट्यात राहतो. त्याच्या पणजोबांनी निजामाच्या काळात शेती भावावर सोपवून हैदराबाद गाठलं. तेव्हापासून या घराची मराठी वाटेत भेटेल ते उचलत आली आहे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' आहे. माझ्या मुलीच्या, तेजश्रीच्या, मराठीत मराठीच थोडी आहे.

आजारांच्या बाबतीत मात्र आमच्याकडे वाटणी अगदी व्यवस्थित झालेली आहे. विकासला रक्तदाब, आत्याबाईंना गुडघे, मला थायरॉइड. तिन्ही तसे गुणी आजार. सकाळी गोळी टाकली की दिवसभर आवाज करत नाहीत. चौथा मात्र तसा नाही, आणि तो नेमका तेजश्रीच्या वाट्याला आला.

पाचवीत असताना ती अचानक वाळायला लागली, घटाघटा पाणी प्यायला लागली, आणि एक दिवस वर्गातच कोसळली. लहान मुलांना होतो तो मधुमेह. आयुष्यभर इन्सुलिन. डॉक्टर म्हणाले, "हिच्या शरीरात इन्सुलिन आता तयार होणार नाही. ते काम आजपासून आईचं." त्यांना बहुधा धीराचं काहीतरी बोलायचं होतं. मी ते शब्दशः घेतलं.

म्हणजे काय काय केलं ते सांगत बसत नाही. एकच सांगते. तिच्या शाळेची सहल नागार्जुनसागरला गेली तेव्हा बसच्या मागून मी आमची गाडी चालवत गेले. बस थांबली की मी थांबायची. मुली धरण बघत होत्या, मी तेजश्रीला बघत होते. तिची साखर उतरायला लागली की तिच्या वरच्या ओठावर घाम येतो आणि नजर जराशी हलते. हे यंत्राच्या आधी मला कळतं, असं मी सगळ्यांना सांगत असे, आणि ते खरंही होतं. तिच्या वर्गाच्या बाईंनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही नोकरी सोडलीत का? मी म्हटलं, उलट धरली.

यंदा तिला पुण्याला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. घरात पेढे आले, आणि त्याच संध्याकाळी मी तिच्या होस्टेलजवळ एक खोली शोधायला लागले. माझ्यासाठी. दिवाळीपर्यंत राहायचं, तिची घडी बसवून द्यायची, आणि मग बघू, असा माझा बेत होता. त्या 'मग बघू'चा अर्थ तेजश्रीला बरोबर कळला.

"सीरियसली, मम्मी? कॉलेजला मम्मीला घेऊन जाऊ मी?"

"कॉलेजला कशाला? मी खोलीत राहीन."

"मला जरा तरी एकटं सोड ना यार."

"जरा सोडलं की काय होतं ते मी पाहिलंय," मी म्हटलं.

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. तिला एकटीला जायचं होतं. मला ती जिवंत राहायला हवी होती. यातून मधला मार्ग मला दिसत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी तो शोधतही नव्हते. विकासनं मुकाट्यानं दोन तिकिटं काढली आणि कुणाचीच बाजू न घेता तो बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेला. त्या कुंड्यांना गेल्या महिनाभरात जेवढं पाणी मिळालं तेवढं आयुष्यात मिळालं नसेल.

तिकिटं शनिवारची होती. आत्याबाईंनी पंचांग उघडलं आणि मिटलं.

"शनवार, अन् वर अमावास्या," त्या म्हणाल्या. "पोरगी पयल्यांदा घराबाहेर चालली अन् तुमाला हाच दिवस घावला?"

"दुसऱ्या दिवसाचं रिझर्वेशन नाही, आई," विकास म्हणाला.

"मंग गुरुवारी पस्ताना ठेवा दोघींचा. त्याबिगर मी जाऊ देणार नाही."

पस्ताना ठेवायचं आमचं हक्काचं घर म्हणजे खालच्या मजल्यावरच्या अनसूयम्मांचं. एकाच इमारतीतलं घर चालतं का, हा प्रश्न फार पूर्वीच निकालात निघाला आहे. उंबरा निराळा तर घर निराळं, असा आत्याबाईंचा निवाडा आहे. अनसूयम्मा एकट्या राहतात, स्वभावानं प्रेमळ आहेत, आणि आमच्या वस्तू का सांभाळायच्या हे त्यांनी कधी विचारलेलं नाही.

माझ्यासाठी मी निळी सुती साडी काढली. तेजश्रीला विचारलं तर तिनं कानातला इअरफोन न काढता "काहीही ठेव" म्हणून हात हलवला. तेव्हा मला ती कल्पना सुचली. तिचं इन्सुलिनच ठेवायचं. दिवाळीपर्यंत पुरेल एवढा साठा मी आणून ठेवला होता, तो थंडच ठेवावा लागतो, आमचा फ्रिज गच्च भरलेला आणि अनसूयम्मांचा रिकामा. शिवाय पस्ताना उचलल्याशिवाय आत्याबाई कुणाला पुढं पाऊल टाकू देत नाहीत, म्हणजे इन्सुलिन विसरायचा प्रश्नच उरला नाही. त्यांचं शास्त्र आणि माझं शास्त्र मी एकाच पिशवीत बसवलं, आणि गुरुवारी सकाळी अक्षता टाकून ती पिशवी आणि साडी खाली पोचवली. स्वतःवर इतकी खूश मी बऱ्याच दिवसांत झाले नव्हते.

"फ्रिज में रख देतुं, वंदनम्मा. फिकर नक्को," अनसूयम्मा म्हणाल्या.

शनिवारी दुपारची गाडी होती. सकाळपासून घरात धावपळ. तेजश्रीला जेवणाआधीचं इंजेक्शन मी वेळेवर घ्यायला लावलं, ताट वाढलं, आणि पुढे ती मैत्रिणींशी फोनवर बोलत जेवली. ताटात अर्धा भात तसाच राहिला होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी बॅगांच्या चेन लावत होते.

बॅगा जिन्यात आल्या. आत्याबाई गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत, त्या वर कठड्याला धरून उभ्या राहिल्या. पस्ताना उचलायला मी खालच्या मजल्यावर गेले, आणि अनसूयम्मांच्या दाराला कुलूप होतं.

वॉचमन म्हणाला, "वो तो सुबहीच वरंगल गए, मॅडम. बेटी की डिलिवरी जल्दी हो गई बोलके."

मी फोन लावला. बऱ्याच वेळानं त्यांनी उचलला. मागं दवाखान्याचा गलका ऐकू येत होता. "अय्यो, वंदनम्मा! भूलिच गई मैं!" किल्ली त्यांच्याबरोबर वरंगलला. परत कधी येणार ते बाळाच्या तब्येतीवर. आणि जाताना त्यांनी नेहमीच्या सवयीनं लाइटचा मेन स्विचही बंद केलेला. म्हणजे बंद फ्रिज, बंद घर, आणि आत दिवाळीपर्यंतचं इन्सुलिन.

मी वॉचमनकडे हातोडी मागितली.

"अगं, दुसऱ्याच्या घराचं कुलूप फोडणार?" विकास म्हणाला.

"नवीन आणून लावीन."

"वंदना, कुलपाला हात नक्को लावू," वरून आत्याबाई ओरडल्या. "त्या बाईच्या घरी आज बाळ आलंय."

"तुम्ही बोलूच नका!" मी खालून ओरडले. आत्याबाईंशी मी या आवाजात आजवर कधी बोलले नव्हते. "तुमच्या त्या मुहूर्तापायी माझ्या मुलीचं औषध गेलं. ठेवा आता पंचांग कवटाळून!"

विकास कुलपाकडे बघत होता, वॉचमन विकासकडे. कुलूप जाडजूड होतं. मी ते हातात धरून दोनदा ओढून पाहिलं, जणू माझा आवाज ऐकून ते उघडेल. मग मी विकासला म्हटलं, "तिकिटं रद्द कर. तेजू कुठेही जाणार नाही. आज नाही आणि अशी तर कधीच नाही."

हे मी मनापासून बोलले. पुणं, आर्किटेक्चर, होस्टेल, सगळं त्या क्षणी मी काट मारून टाकलं होतं, आणि काट मारताना मला आतून थोडं बरंही वाटलं होतं.

तेजश्री भांडेल म्हणून मी वळले, तर ती जिन्याच्या पायरीवर भिंतीला टेकून बसली होती. पर्स मांडीवर उघडी होती. तोंडात काहीतरी चघळत होती. कपाळ ओलं होतं, वरचा ओठ ओला होता, आणि साखर तपासायच्या यंत्राची पट्टी अजून तिच्या बोटांत होती.

"किती आहे?" मी विचारलं.

"पंचावन्न होती. आता येतेय वर."

"कधीपासून?"

"तू वॉचमनकडे हातोडी मागत होतीस ना, तेव्हापासून."

म्हणजे मुलीकडे पाठ करून मी कुलपाशी भांडत होते. मला यंत्राच्या आधी कळतं म्हणे. दोन पायऱ्यांवर माझी मुलगी घामानं भिजत होती आणि मला पत्ता नव्हता.

"हाक का नाही मारलीस?"

"मारून काय झालं असतं, मम्मी?" ती शांतपणे म्हणाली. रागानं नाही, हे मला जास्त लागलं. "तू पळत आली असतीस, पप्पांवर ओरडली असतीस. ग्लुकोज तर मलाच खायचं होतं."

मी तिच्या शेजारी बसले. विकासनं पाण्याची बाटली दिली, ती तिनं घेतली. माझ्या डोक्यात अजून कुलूपच होतं.

"पण इन्सुलिन..."

"चालू पेन पर्समध्ये आहे माझ्या. ते बरेच दिवस जातं. प्रिस्क्रिप्शन फोनमध्ये आहे. पुण्यात मेडिकलची दुकानं नाहीत का? लाइट घे ना, मम्मी." हैदराबादची पोरं काहीही झालं तरी लाइट घ्यायला सांगतात. मला ते कधी जमलेलं नाही.

"आणि रात्री?" मी विचारलं. माझं शेवटचं अस्त्र तेच होतं, आणि ते खरं होतं. झोपेत साखर उतरली आणि माणूस उठलंच नाही, या एका भीतीनं मी ती पुण्यात खोली बघितली होती. बाकी घडी बसवणं वगैरे बोलायच्या गोष्टी. "रात्री असं झालं तर तिथं तुला कोण उठवणार?"

तेजश्रीनं वर कठड्याकडे पाहिलं. "आजी, सांगू का?"

"सांग की आता," आत्याबाई म्हणाल्या. "मी काय जल्मभर गप बसू?"

"मीच उठते, मम्मी," तेजश्री म्हणाली. "अकरावीपासून. उशीखाली फोन ठेवते, व्हायब्रेटवर. उठते, चेक करते, लो असलं तर खाते, परत चेक करते, झोपते. आजी जागी असते. ती काही करत नाही, नुसती बसून राहते मी झोपेपर्यंत."

ती आत्याबाईंच्या खोलीत झोपते. आमच्या आणि त्यांच्या खोलीमध्ये फक्त एक भिंत.

"मला का नाही उठवलंत?" हे मी कुणाला विचारलं मला माहीत नाही. दोघींनाही असेल.

"पोरीनं सांगू नक्को म्हटलं, मी नाही सांगितलं," वरून उत्तर आलं.

तेजश्री म्हणाली, "तू उठलीस की सकाळपर्यंत माझ्या उशाशी बसायचीस ना. सारखी बघत राहायचीस. तू बघत असलीस की मला झोप यायची नाही."

गेली दोन वर्षं मला रात्री गाढ झोप लागते. आधी मी तासातासाला जागी व्हायची, उठून तिच्या खोलीत जायची, तिच्या कपाळाला हात लावून परत यायची. मग हळूहळू ते कमी झालं. मी त्याचं श्रेय जायफळ घातलेल्या दुधाला दिलं होतं. इमारतीतल्या निम्म्या बायकांना मी ते दूध प्यायला लावलं. अनसूयम्मा आजही पितात. माझी झोप माझ्या मुलीनं राखली होती, भिंतीपलीकडे उजेडसुद्धा न करता, आणि मी जायफळ किसत बसले होते.

मला फार वाईट वाटलं. मुलीचा अभिमान वगैरे नंतर वाटला असेल, आधी वाईटच वाटलं. माझ्या जागेवर दोन वर्षांपूर्वीच दुसरं माणूस घेतलं होतं आणि मला ते कुणी कळवलं नव्हतं, तसं. मी रोज वेळेवर हजर राहत होते, सह्या करत होते, लोकांवर ओरडत होते, आणि काम दुसरीकडेच चाललं होतं.

तेजश्रीनं पुन्हा बोटाला सुई टोचली, पट्टीवर थेंब घेतला, आकडा पाहिला आणि यंत्र पर्समध्ये टाकलं. 'किती' हा शब्द माझ्या तोंडापर्यंत आला होता. मी तो गिळला. तिनंही सांगितलं नाही. ती उठून उभी राहिली आणि तिनं स्वतःची बॅग उचलली.

"मग काय करायचं?" विकासनं घड्याळाकडे बघत विचारलं. महिनाभरात त्यानं या विषयावर विचारलेला हा पहिला प्रश्न.

उत्तर आत्याबाईंनी दिलं. "वंदनाचा पस्ताना कुलपात अडकला. ती आज निघू शकत नाही."

"मग तेजूचाही अडकलाच ना!" मी म्हटलं.

"तिचं काय अडकलं? ती पिशवी आणली तू, भरली तू, नेऊन ठेवली तू. पोरीनं हातसुदा लावला नाही. तिची चीज तिच्या पर्समधे हाय." मग आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, "जाऊ दे तिला, वंदना. अमावास्या हाय तर हाय."

तिकिटं आल्यापासून अमावास्येच्या नावानं घर डोक्यावर घेतलेल्या बाईचं शास्त्र इतकं मवाळ झालेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला वाद घालता आला असता. साडीसारख्या साडीसाठी कुणी प्रवास रद्द करत नाही, आणि मी त्यातली एक अक्षताही मानत नाही. पण मी वाद घातला नाही. आत्याबाईंनी मला न जाण्यासाठी एक कारण दिलं होतं, सगळ्यांसमोर सांगता येईल असं, आणि मघाशी मी त्यांना जे बोलले होते त्यानंतरही दिलं होतं. मी वर जाऊन त्यांच्या पाया पडले. पस्तान्याच्या वेळी कधी पडले नव्हते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तेजश्रीच्या हातावर दही घालायला मला आत पिटाळलं.

स्टेशनवर मी डब्यात चढून तिची बॅग सीटखाली सरकवली. समोर एक बाई आणि तिची दोन मुलं होती. त्या बाईंना तेजश्रीच्या आजाराबद्दल चार गोष्टी सांगून ठेवाव्यात असं मला वाटत होतं. तेजश्रीच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, "मी सांगते त्यांना, मम्मी. गाडी निघाली की. मी सांगते नेहमी." नेहमी म्हणजे कुणाला, कधी, मी विचारलं नाही. त्या एका दुपारात मला पुरेसं कळलं होतं.

विकास फलाटावरून खिडकीत डोकावून पाण्याच्या बाटल्या देत होता. मी तिचे केस सारखे केले. तिनं करू दिले.

"लो झालं तर मला सांगशील?" मी विचारलं.

"सांगीन."

"रात्री झालं तरी?"

"हो गं. सांगीन ना." तिनं माझा हात दाबला. "सकाळी. तू उठलीस की."

मी बरं म्हटलं आणि खाली उतरले.